फार्मसीच्या पोरीने पायथन का शिकू नये?

गेल्या आठवड्यात बहीण आणि भाची घरी आल्या होत्या. भाची बी. फार्मच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आपल्याच भागातल्या एका कॉलेजात. जेवताना सहज विचारलं, "काय गं, पुढे काय ठरवलंय?" तिच्याआधी बहीणच बोलली, "काय ठरवणार दादा, तुझ्यासारखं मेडिकल टाकेल."

पोरगी जरा वेळाने म्हणाली, "मामा, मी रात्री पायथन शिकते. मला जीवशास्त्राच्या संशोधनात जायचंय. पण सरांना सांगितलं तर ते म्हणाले, कोडिंगच करायचं होतं तर इंजिनिअरिंगला जायचं, इथली सीट कशाला अडवली?"

मी पंचवीस वर्षं काउंटरमागे उभा आहे. मेडिकल टाकण्यात कमीपणा नाही, त्यावरच माझं घर उभं राहिलं. पण सरांचं ते वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण घरात बारावीचं किंवा फार्मसीचं लेकरू असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आपल्या दारातलंच उदाहरण घेऊ. सिकल सेल. चोपडा-यावलच्या वरच्या पाड्यांपासून शिरपूर आणि पुढे नंदुरबारपर्यंत सातपुड्याच्या पट्ट्यात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. माणसाची जनुकीय माहिती म्हणजे साधारण ३०० कोटी अक्षरं. त्यातल्या हिमोग्लोबिनच्या एका जनुकात एकच अक्षर बदललेलं असतं. आई आणि बाप दोघांकडून ते बदललेलं अक्षर आलं की रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि लेकरू हाडं दुखतात म्हणून रात्रभर रडतं. ३०० कोटींत एक अक्षर! असलं अक्षर हजारो माणसांच्या माहितीत शोधायचं तर कॉम्प्युटरशिवाय पर्याय नाही.

पण अक्षर सापडलं म्हणजे काम संपलं का? नाही. खरं काम तिथून पुढे आहे.

याच पट्ट्यात आणखी एक दोष सापडतो, जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता. अशा माणसाला मलेरियावरचं प्रायमाक्विन दिलं तर लाल पेशी फुटू शकतात. व्हायव्हॅक्स मलेरिया पुन्हा उलटू नये म्हणून हेच औषध १४ दिवस देतात. म्हणजे एकाला बरं करणारी गोळी दुसऱ्याला थेट दवाखान्यात पोचवू शकते.

आता समजा, या रुग्णांचे रिपोर्ट एका नुसत्या कोडिंग शिकलेल्या पोराला दिले. तो आकडे भरेल, प्रोग्रॅम चालवेल, आणि 'नॉर्मल' लिहिलेला प्रत्येक रिपोर्ट नॉर्मल धरेल. त्याची चूक नाही, त्याला कुणी शिकवलेलंच नाही. पण माझी भाची आधी विचारेल, "या पेशंटला रक्त कधी चढवलं होतं?" सिकल सेलच्या पेशंटला नुकतंच रक्त चढवलं असेल तर तपासणीत दात्याच्या पेशींचं एन्झाइमही मोजलं जातं, आणि दोष झाकला जातो. पेशी नुकत्याच फुटून गेल्या असतील तरी असंच होतं, कारण नव्या पेशींत एन्झाइम जास्त असतं. उलट भाचीला कोडिंग येत नसेल तर तिला प्रश्न कळेल, पण दहा हजार रिपोर्टमधून उत्तर काढता येणार नाही.

हे दोन्ही एका डोक्यात असणं, हीच तर खरी गरज आहे. याला सीट अडवणं म्हणतात का?

आणि सरांनी अभ्यासक्रमच नीट उघडून बघावा. फार्मसी कौन्सिलच्या बी. फार्मच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या सेमिस्टरला कॉम्प्युटरचा विषय आहे, त्यात बायोइन्फॉर्मॅटिक्सचं युनिट आहे. शेवटच्या सेमिस्टरला कॉम्प्युटरच्या मदतीने औषध शोधण्याचा ऐच्छिक विषय आहे, वर प्रोजेक्टही आहे. म्हणजे कागदावर दार उघडंच आहे. वर्गात ते लावून घेतलेलं आहे.

बाहेर जग कुठे गेलंय बघा. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर या तिघांना मिळालं, प्रथिनांवरच्या कॉम्प्युटरच्या कामासाठी. त्यातला हसाबिस मुळात कॉम्प्युटर सायन्सचा पदवीधर. त्यांच्या अल्फाफोल्डने अंदाज बांधलेल्या २० कोटींहून जास्त प्रथिनांच्या रचना इंटरनेटवर फुकट आहेत. चेन्नईच्या गणित संस्थेतल्या संशोधकांनी भारतातल्या ४ हजारांवर औषधी वनस्पतींमधल्या रसायनांचा 'इम्पॅट' नावाचा साठा खुला केलाय. तोही फुकट. जळगावात बसलेल्या पोरीला आणि केंब्रिजमधल्या पोराला इथे तरी सारखीच सोय आहे.

"पदवीची पोरं काय संशोधन करणार" असं म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण. सीएसआयआरने २००८ मध्ये टीबीच्या औषधांसाठी खुली संशोधन मोहीम सुरू केली होती. २०१० मध्ये टीबीच्या जंतूच्या सुमारे ४ हजार जनुकांची माहिती नव्याने तपासून मांडायचं काम त्यात घेतलं, आणि ते देशभरातल्या कॉलेजच्या पोरापोरींनी इंटरनेटवरून वाटून घेऊन केलं.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल मामा भाचीचीच वकिली करतोय.

या क्षेत्रात सध्या 'डॉकिंग'चं पीक आलंय. हळदीतलं रसायन घ्यायचं, कुठल्या तरी आजाराचं प्रथिन घ्यायचं, सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही बसवून बघायचं, चांगला आकडा आला की पेपर छापायचा. आकडा म्हणजे औषध नव्हे, भाऊ. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून नीट शोषलंच जात नाही, हे फार्मसीवाल्याला माहीत असायला हवं. सिकल सेलवरचं व्हॉक्सेलोटर नावाचं औषध सगळ्या पायऱ्या चढून २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, आणि २०२४ मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून कंपनीनेच जगभरातून परत घेतलं. शेवटचा निकाल माणसाच्या शरीरात लागतो, स्क्रीनवर नाही. भाचीलाही हेच सांगितलं: पायथन शीक, पण फार्माकॉलॉजी सोडून नाही. प्रमाणपत्रांची माळ घालू नकोस, एक खरा प्रश्न धर.

कॉलेजवाल्यांना माझं मागणं साधं आहे. त्यासाठी नवी इमारत नको, कोटीची लॅब नको.

एक, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट जोडीने करू द्या. एक पोरगी फार्मसीची, एक पोरगा कॉम्प्युटरचा. आपल्याकडे एकाच गावात, कुठे कुठे तर एकाच संस्थेची, फार्मसी आणि इंजिनिअरिंग अशी दोन्ही कॉलेजं आहेत. मध्ये असते फक्त एक भिंत आणि दोन प्राचार्य.

दोन, विषय इथला घ्या. सिकल सेल, सर्पदंश, फवारणीतली विषबाधा. रुग्णांची माहिती मात्र नाव काढून, एथिक्स कमिटीच्या परवानगीनेच. आदिवासी माणसाचं रक्त ही कुणाच्या पेपरसाठी फुकटची खाण नव्हे.

तीन, उमवि, म्हणजे आपलं कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठ, १९९० पासून जळगाव, धुळे, नंदुरबारसाठी उभं आहे. जीवशास्त्र आणि संगणकशास्त्र हे दोन्ही विभाग त्याच आवारात आहेत. सुट्टीतली दोन आठवड्यांची कार्यशाळा फार्मसीच्या पोरांसाठी खुली केली तरी पुष्कळ होईल.

२०२३ मध्ये केंद्राने सिकल सेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. ७ कोटी लोकांची तपासणी, २०४७ चं उद्दिष्ट. यातून डोंगराएवढी माहिती तयार होतेय. ती वाचणारी, आणि वाचून कुणाला कुठली गोळी देऊ नये हे सांगणारी माणसं कुठून येणार? पुण्याहून? की जिथे हा आजार आहे तिथूनच?

भाची काल परत कॉलेजला गेली. बसस्टँडवर म्हणाली, "मामा, लॅपटॉपची बॅटरी गेलीय." बॅटरी मी आणून देतो. सरांचं मन बदलायला मात्र तुमची मदत लागेल. पटलं तर ही पोस्ट आपल्या ओळखीच्या एखाद्या प्राध्यापकापर्यंत पोचवा.