प्लीहा गेली, संरक्षण टिकणार कसे?

नाशिक / प्रतिनिधी

मुंबई-आग्रा महामार्गावर दुचाकीचा अपघात होतो, डाव्या बरगड्यांखाली मार बसतो आणि पोटातील प्लीहा, म्हणजेच पाणथरी, फुटते. रक्तस्राव थांबत नसेल तर ती काढून टाकण्याशिवाय शल्यचिकित्सकापुढे पर्याय नसतो. जीव वाचतो, टाके निघतात, रुग्ण घरी जातो. मात्र आयुष्यभराचा एक धोका त्याच्यासोबत जातो आणि त्याची कल्पना त्याला असतेच असे नाही.

प्लीहा जीर्ण तांबड्या पेशी गाळते, तसेच रक्तातील जंतूही टिपते. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकससारख्या कवचधारी जंतूंना रोखण्यात तिचा वाटा मोठा असतो. अमेरिकेतील शल्यचिकित्सक किंग व शुमॅकर यांनी १९५२ मध्ये प्लीहा काढलेल्या अर्भकांतील गंभीर जंतुसंसर्गाकडे लक्ष वेधले आणि हा अवयव बिनमहत्त्वाचा असल्याचा समज ढासळला. असा संसर्ग विरळा असला, तरी झाल्यास साध्या तापापासून मृत्यूपर्यंतचे अंतर काही तासांचे असते. सुमारे निम्मे रुग्ण त्यात दगावतात.

यावर उपाय म्हणून ऊतींच्या स्वप्रत्यारोपणाचा मार्ग पुढे आला. काढलेल्या प्लीहेचे पातळ काप रुग्णाच्याच पोटातील चरबीच्या पडद्यात बसविले जातात. ऊती स्वतःच्याच असल्याने शरीर त्या नाकारत नाही. अपघातात फुटलेल्या प्लीहेचे तुकडे पोटात आपोआप रुजतात व काही अंशी कामही करू लागतात, हे १९७८ मध्ये अमेरिकेतील मुलांच्या रक्ततपासणीतून दिसले होते. प्रत्यारोपणानंतरही रक्त गाळण्याचे काम अंशतः परतते. मात्र, नव्या ऊतींना मूळ प्लीहेइतका रक्तपुरवठा मिळत नाही. अशा ऊती असूनही जीवघेणा संसर्ग झाल्याची उदाहरणे आहेत. त्यामुळे या शस्त्रक्रियेला लसीचा पर्याय मानता येत नाही.

थॅलेसेमियासारख्या आजारात तर हा मार्गच बंद असतो. ज्या ऊतींमुळे त्रास होतो, त्याच पुन्हा बसविण्यात अर्थ नाही. सिकलसेलमध्ये प्लीहा शस्त्रक्रियेविनाच निकामी होऊ शकते. नंदुरबारपासून नाशिकच्या आदिवासी तालुक्यांपर्यंत हा आजार आढळतो. म्हणजे प्रश्न केवळ अपघातग्रस्तांचा नाही.

शक्य असेल तेथे प्लीहा वाचविणे, हाच सर्वोत्तम उपाय. रक्तदाब स्थिर असल्यास रुग्णाला देखरेखीखाली ठेवतात किंवा रक्तवाहिनी आतून बंद करून रक्तस्राव रोखतात. त्यासाठी सीटी स्कॅन, अतिदक्षता विभाग, पुरेसे रक्त व चोवीस तास शल्यचिकित्सक लागतात. सुरगाणा वा पेठहून घाट ओलांडून येणारा रुग्ण बेशुद्धावस्थेत पोहोचला, तर ही सारी साधने असूनही वेळ हातातून गेलेली असते.

मग उरते लसीकरण. नियोजित शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी, तर तातडीच्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे दोन आठवड्यांनी न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल व हिब लसी देण्याची शिफारस आहे. देशाच्या लसीकरण कार्यक्रमात न्यूमोकोकल लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली व २०२१ मध्ये देशभर पोहोचली. परंतु ती अर्भकांसाठी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२० मध्येच स्वदेशी न्यूमोकोकल लस बाजारात आणली. तरीही अपघातात प्लीहा गमावलेला तिशीतला शेतमजूर या कार्यक्रमाबाहेरच राहतो.

काही गोष्टींना तर फारसा खर्चही नाही. घरी सोडताना ‘प्लीहा काढली आहे’ अशी ठळक नोंद असलेले कार्ड द्यावे. ताप येताच प्रतिजैविक घेऊन रुग्णालय गाठावे, मलेरियापासून जपावे, कुत्रा चावल्यास दुर्लक्ष करू नये, हे मराठीत लिहून द्यावे. आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकमध्येच आहे. अशा रुग्णांची जिल्हावार नोंदवही ठेवण्याची सुरुवात येथूनच होऊ शकते. प्रत्यारोपणाच्या तंत्राची वाट पाहण्यापूर्वी एवढे तरी व्हायला हवे.