नोंद मृत्यूची, हक्क जगणाऱ्यांचा

घरातला कर्ता माणूस गेला की ग्रामपंचायतीच्या वहीत मृत्यूची नोंद होते. म्हणजे शासनाला ती गोष्ट कळलेली असते. तरीही त्याच्या मागे राहिलेल्या बाईला पुढे कित्येक महिने तेच दुःख प्रत्येक कार्यालयात नव्याने, कागदांनिशी सिद्ध करावे लागते. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढे, पिंपळगाव देवी, रोहिणखेड परिसरातल्या मजूर बाईसाठी तहसीलची एक चक्कर म्हणजे बुडालेला रोज आणि वर गाडीभाडे. एक कागद कमी पडला की दुसरी चक्कर. दोन-तीन हेलपाट्यांनंतर ती येणे थांबवते आणि कार्यालय समजते की गरज नसावी. ही समजूत आता मोडली पाहिजे. हक्काचे पैसे कोणाला मिळायला हवेत, हे शोधण्याची जबाबदारी शासनाची आहे, तिची नव्हे.

तिच्या हक्काचे काय काय आहे? संजय गांधी निराधार योजनेतून दरमहा 1,500 रुपये. दारिद्र्यरेषेखालील घरातला 18 ते 59 वर्षांचा कमावता माणूस गेला असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी 20,000. मुलांसाठी बालसंगोपन योजनेचे दरमहा 2,250. शेतकऱ्याचा मृत्यू सर्पदंशाने, विजेच्या धक्क्याने किंवा रस्ता अपघातात झाला असेल, तर गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा योजनेचे दोन लाख. आत्महत्या पात्र ठरली, तर 2006 च्या शासन निर्णयानुसार एक लाख, त्यातले 70,000 ठेवीत. पैसा आहे, पण तो महसूल, कृषी आणि महिला व बालविकास अशा वेगवेगळ्या खात्यांच्या दारांआड विखुरला आहे. अपघात योजनेचा प्रस्ताव तर 30 दिवसांत द्यायचा असतो. त्यातले 13 दिवस सुतकातच जातात. उरलेल्या दिवसांत पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, वारसाचा कागद कुठून कसा मिळवायचा, हे तिला सांगणारे कोणी नसते. सांगायला येतो तो एजंट, आणि तो आपला वाटा आधी ठरवतो.

हे अंदाजाने लिहिलेले नाही. महिला किसान अधिकार मंचाने 2018 मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील 505 महिलांची पाहणी केली. कसत असलेली जमीन सुमारे 40 टक्के महिलांच्या नावावर झालेली नव्हती. आपल्याला निवृत्तिवेतन मिळू शकते, हेच जवळपास एक तृतीयांश जणींना माहीत नव्हते. ज्या बुलढाण्याचा 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत समावेश होता, त्या जिल्ह्याने हे आकडे विसरता कामा नयेत.

उपायही याच जिल्ह्याने दाखवला आहे. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावणारी ‘जिवंत सातबारा’ मोहीम मार्च 2025 मध्ये बुलढाणा जिल्ह्यात सुरू झाली आणि एप्रिलपासून राज्यभर गेली. तलाठ्याने गावात बसून मयत खातेदारांची यादी वाचायची, वारसांनी कागद द्यायचे आणि ठरल्या मुदतीत फेरफार मंजूर व्हायचा, अशी तिची रीत. वारस येण्याची वाट न पाहता कार्यालय स्वतः गावात गेले. त्याआधी ऑगस्ट 2021 मध्ये करोनाने पती गमावलेल्या महिलांसाठी ‘मिशन वात्सल्य’ सुरू झाले, तेव्हा तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली तालुका समित्या नेमून घरोघरी जाण्याचे आदेश निघाले होते. आपत्तीत जे करता आले, ते नेहमीच्या दिवसांत का करता येऊ नये? साथीत गेलेल्या नवऱ्याची बायको आणि विहिरीत पडून गेलेल्या नवऱ्याची बायको, दोघींची चूल सारखीच थंडावते.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. मोताळा तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने 18 ते 59 वयाच्या व्यक्तीच्या मृत्यूची नोंद त्याच आठवड्यात तहसीलला कळवावी. भूमिहीन मजुराचा सातबारा नसतो, त्यामुळे आधार मृत्यूच्या नोंदवहीचा हवा. तलाठी, ग्रामसेवक आणि अंगणवाडीताईंनी मिळून त्या घरी जावे आणि वारस नोंद, निराधार, कुटुंब लाभ, बालसंगोपन, रेशनकार्डातला बदल या सगळ्यांचे अर्ज एकाच बैठकीत भरून घ्यावेत. जे दाखले शासनाच्याच दप्तरात आहेत, ते अर्जदाराकडे मागू नयेत. अर्ज नाकारला तर कारण लेखी, मराठीत आणि मुदतीत मिळावे.

एक दुरुस्ती मात्र मुंबईतच व्हायला हवी. विधवांसाठी निराधार योजनेची उत्पन्नमर्यादा वर्षाला 21,000 रुपये आहे. रोजगार हमीचा 2025-26 चा दर होता दिवसाला 312 रुपये. म्हणजे तिने 68 दिवस काम केले की ती कागदोपत्री निराधार उरत नाही. लाडकी बहीण योजनेसाठी अडीच लाखांची मर्यादा मान्य करणाऱ्या सरकारने नवरा गमावलेल्या मजूर बाईला 21,000 वर अडवणे अन्यायाचे आहे. या मर्यादेमुळे खरे बोलणारी बाई अपात्र ठरते आणि गरिबाला खोट्या दाखल्याकडे ढकलले जाते. कुटुंब लाभ योजनेचा आधार असलेली दारिद्र्यरेषेची यादीही 2002 च्या सर्वेक्षणातली आहे. त्यानंतर वेगळी चूल मांडलेल्या जोडप्याला त्या यादीत जागा कशी मिळणार?

बोगस लाभार्थ्यांची भीती पुढे केली जाईल. ती खरीही आहे, आणि खोट्या नावांची छाननी व्हायलाच हवी. पण जो कर्मचारी स्वतः घरी जाऊन चूल पाहतो, त्याला फसवणे कठीण असते. बोगस अर्ज शिरतात ते एजंटाच्या हातून. घरभेटीने एजंटाची गरजच संपते, तेव्हा खरी छाननीही त्यातूनच होईल.

नवा कायदा, नवी योजना किंवा नवे कार्यालय यातल्या कशाचीही या घरभेटींसाठी गरज नाही. मोताळ्याच्या तहसीलदारांनी गेल्या तीन वर्षांच्या मृत्यूनोंदी मागवाव्यात, घरनिहाय यादी करावी आणि किती घरांना काय मिळाले, काय राहिले, हे प्रत्येक ग्रामसभेत वाचून दाखवावे. लोकप्रतिनिधींनी दर तीन महिन्यांनी त्याचा हिशेब मागावा. तालुक्याच्या कारभाराचे मोजमाप मंजूर अर्जांच्या आकड्यावर होऊ नये. अर्जापर्यंत न पोहोचलेली किती घरे उरली, यावर ते व्हावे.