माऊस मुलांच्या हातात द्या

उर्दू शाळांना डिजिटल बोर्ड मिळाला की विज्ञान सुधारेल, असं आपल्या सभांमधून कित्येकदा ऐकलं. अनेक ठिकाणी बोर्ड आले. आता सर बटण दाबतात आणि मुलं बघत बसतात. याला सिम्युलेशनने शिकवणं म्हणत असाल तर माफ करा, हा जुनाच फळा आहे, फक्त विजेवर चालणारा.

नववीच्या वर्गात विचारा, गाडी चालत राहायला बल लावत राहावं लागतं का? सगळे 'हो' म्हणतील. बीड जिल्ह्यातल्या मुलाने 'हो' का म्हणू नये? त्याचे आईबाप ऊसतोडीला जातात. बैल थांबले की उसाची गाडी थांबते, हे त्याने डोळ्यांनी पाहिलंय. त्याचा अनुभव खोटा नाही. गाडीला थांबवणारं घर्षण तेवढं त्याला दिसलेलं नाही. ते शून्य करून दाखवणं शाळेच्या मैदानात जमत नाही. संगणकावर जमतं.

नोबेल विजेते कार्ल वायमन यांनी 2002 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेलं 'फेट' फुकट आहे, मराठीतही आहे, आणि एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं. त्यात एक माणूस फ्रिज ढकलतो. ढकलणं थांबवलं तर काय होईल, हे मुलांना आधी वहीत लिहू द्या. मग माऊस त्यांच्याकडे द्या. घर्षण नसताना फ्रिज सरकतच राहतो आणि वहीतलं उत्तर चुकतं. ती चूक स्वतःच्या हाताने सापडली पाहिजे. सरांनी सापडवून दिली तर ती परीक्षेपुरतीच. मग घर्षण थोडं थोडं वाढवा, आणि शेवटी अंगणात खरी गोटी सोडा, आधी फरशीवर, मग मातीत. नुसता पडदा दाखवून थांबणाऱ्यांशीही माझं भांडण आहे.

संगणक नाहीत म्हणता? चार मुलांत एक मोबाईल पुरतो. "मुलं बिघडवतील" हे कारण तर मी स्वतः ऐकलंय, आणि तेही मुलींच्या वर्गाबद्दल. याच मुली दहावीनंतर सायन्स सोडतात तेव्हा त्यांना गणित जमत नाही, असं आपणच सांगतो.

सभेत कुणीतरी हमखास उठून म्हणतं, हे सगळं इब्न सिनाने हजार वर्षांपूर्वीच सांगितलंय. पोकळीत फेकलेली वस्तू थांबायला कारण उरणार नाही, असं त्याने मांडलं होतं, हे खरं. पण अशी न थांबणारी गती कुठे दिसत नाही, म्हणून पोकळीच नसते, असा निष्कर्ष त्याने काढला. घर्षण काढून बघायची सोय त्याच्याकडे नव्हती. आपल्या मुलांकडे आहे, पण खोलीला कुलूप आहे. पुढच्या पालकसभेत इब्न सिनाचं नाव घेण्याआधी चावी कुणाकडे असते ते विचारा.