अखंड सेवा आणि दूरची प्रत

फायली सांभाळणारे संगणक गटाने जोडण्याची पद्धत आता रूढ आहे. एक यंत्र बंद पडताच दुसरे त्याचे काम उचलते. वापरणाऱ्यास खंड जाणवत नाही. ही सोय मोलाची खरी. परंतु तिलाच सुरक्षितता मानणे चुकीचे होय. अशी यंत्रे बहुधा एकाच इमारतीत असून एकाच सामायिक साठ्यावर विसंबतात. आग लागल्यास सारीच जातात. चुकून पुसलेली फाइलही सर्वांनाच दुरावते.

दूरची प्रत खर्चाची, असा आक्षेप घेतला जातो. दक्षिण कोरियात देजॉन येथील शासकीय संगणक केंद्रास २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या फायलींचा ८५८ टेराबाइटांचा साठा नष्ट झाला. आकार फार मोठा म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती.

यास्तव आखणीपूर्वी दोन गोष्टी ठरवाव्यात : काम किती वेळ थांबलेले चालेल, आणि किती काळातील लेखन गमावणे सोसवेल. त्यानुसार दूरच्या गावी स्वतंत्र प्रत ठेवावी. मात्र जिच्यावरून फायली परत मिळवून पाहिल्या नाहीत, त्या प्रतीवर भरवसा ठेवू नये; हा सराव नियमाने व्हावा.