खाऊनही झिजणारे मांजर



घरातले मांजर ताटलीतले दूध शेवटच्या थेंबापर्यंत चाटून घेते आणि आणखी मागत पायांत घोटाळते, असे पाहिले म्हणजे घरच्या मंडळींस समाधान वाटते. अन्न गोड लागते तोवर जीव सुखरूप आहे, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा ठोकताळा आहे आणि बहुतेक वेळा तो खराही ठरतो. परंतु म्हाताऱ्या मांजरांस होणारा एक विकार असा आहे की, त्यात भूक दिवसेंदिवस वाढत जाते व देह मात्र झिजत जातो. त्या विकारावर एक औषध आहे, आणि ते औषध रोगाच्याच भुकेचा उपयोग करून रोगास मारते. ह्या दोहोंची हकीकत आज आपणांपुढे ठेवावयाची आहे.

मनुष्याप्रमाणे मांजराच्याही गळ्यात, श्वासनलिकेच्या दोन्ही अंगांस, एक लहानशी ग्रंथी असते. डॉक्टर तिला थायरॉइड म्हणतात. अन्नातून आलेले आयोडीन शोषून घ्यावे, त्यापासून एक रस तयार करावा आणि तो रक्तात सोडावा, हे तिचे काम. शरीराच्या साऱ्या व्यवहाराचा वेग ह्या रसावर अवलंबून असतो. चुलीत लाकडे बेताने सारली तर भात नीट शिजतो. भसाभसा सारली तर लाकडेही संपतात आणि भातही करपतो. ग्रंथी अतोनात रस सोडू लागली म्हणजे शरीराचेही असेच होते. खाल्लेले अन्न पुरत नाही, मग अंगावरचे मांस जळू लागते.

असे मांजर बहुधा दहा वर्षे उलटलेले असते. ते खा-खा करते, तरी त्याच्या पाठीचा कणा हाताला लागू लागतो. ते स्वस्थ बसत नाही, रात्री-अपरात्री ओरडते, वारंवार पाणी पिते, पुष्कळदा ओकते. अंगावरचे केस विस्कटलेले दिसतात आणि छातीवर हात ठेवला तर काळीज धडधडताना लागते. घरचे लोक मात्र म्हणतात, ‘म्हातारपणीही काय तरतरीत आहे पहा!’ ह्याच भ्रमात महिने निघून जातात, आणि तेवढ्या काळात हृदय थकत जाते.

हा विकार मांजरांत होतो हे पशुवैद्यांस फार उशिरा उमगले. १९७९ साली न्यूयॉर्क येथील डॉ. मार्क पीटरसन व त्यांचे सहकारी यांनी त्याचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. आज अमेरिकेत व इंग्लंडात म्हाताऱ्या मांजरांच्या नेहमीच्या दुखण्यांत त्याची गणना होते. ग्रंथीवर जी गाठ वाढते ती बहुधा साधी असते. कर्करोगाची गाठ शंभर मांजरांत दोन-तीनांनाच आढळते. रक्त तपासले की विकाराचा उलगडा बहुधा होतो.

त्यावर उपाय चार आहेत. पहिला गोळ्यांचा. मेथिमॅझोल नावाचे औषध ग्रंथीचे काम आवरून धरते; परंतु ते रोज आणि जन्मभर द्यावे लागते, आणि काही मांजरांस त्याने ओकारी, तोंडास खाज असे त्रास होतात. दुसरा उपाय आयोडीन अगदी कमी असलेल्या अन्नाचा. मांजराने त्याखेरीज दुसरे काहीही खाता कामा नये. उंदीर धरणाऱ्या व मासळीच्या डोक्यांवर पोसलेल्या मांजरास हे पथ्य कसे पाळवावे? तिसरा उपाय शस्त्रक्रियेचा. ह्या ग्रंथीस लागूनच दुसऱ्या बारीक ग्रंथी असतात. त्या रक्तातील कॅल्शियम सांभाळतात. त्यांस इजा झाली तर जिवावर बेतते. चौथा उपाय किरणोत्सर्गी आयोडीनचा, आणि समूळ बरे करणारा म्हणून पशुवैद्य त्यालाच अग्रमान देतात.

किरणोत्सर्गी म्हणजे ज्याचे अणू आपोआप बदलत जाऊन किरण बाहेर टाकतात असे द्रव्य. ह्या आयोडीनचा इतिहास चित्तवेधक आहे. १९३८ साली अमेरिकेतील बर्कली येथे ग्लेन सिबोर्ग नावाचे तरुण रसायनशास्त्रज्ञ काम करीत होते. थायरॉइडचा अभ्यास करणारे डॉ. जोसेफ हॅमिल्टन त्यांस म्हणाले की, माझ्यापाशी जे किरणोत्सर्गी आयोडीन आहे ते अर्ध्या तासाच्या आतच निम्मे होते, मग त्याचा उपयोग काय? ‘आपणांस किती दिवस टिकणारे हवे?’ असे सिबोर्गनी विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, ‘आठवडाभर.’ लवकरच सिबोर्ग आणि जॉन लिव्हिंगूड यांनी आयोडीन-१३१ शोधून काढले. ते आठ दिवसांत निम्मे होते. पुढे सिबोर्ग यांच्या मातेलाच थायरॉइडचा विकार जडला, आणि पुत्राने शोधलेल्या ह्याच द्रव्याने तिचे आयुष्य वाढले. मनुष्यावर किरणोत्सर्गी आयोडीनचा पहिला उपचार १९४१ साली बॉस्टन येथे डॉ. सॉल हर्ट्झ यांनी केला होता. आपल्या देशातही मुंबईत परळ येथे १९६३ साली स्थापन झालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये रुग्णांवर असे उपचार होतात. मनुष्यासाठी निघालेली विद्या पुढे मांजरांच्या कामी आली, ती अशी.

उपचार दिसावयास अगदी साधा. कातडीखाली एकच इंजेक्शन द्यावयाचे, चिरफाड नाही. औषध रक्तात मिसळते आणि आयोडीनसाठी हपापलेली रोगट ग्रंथी ते अधाशासारखे ओढून घेते. आता प्रश्न असा की, निरोगी पेशीही आयोडीन घेतातच, मग त्या कशा वाचतात? मेंदूच्या तळाशी असलेली दुसरी एक ग्रंथी थायरॉइडला काम करण्याचा हुकूम देत असते. रक्तात रस अतोनात झाला की ती हुकूम देणे थांबविते. हुकूम मिळत नाही म्हणून निरोगी पेशी निजून राहतात व आयोडीन फारसे घेत नाहीत. रोगट पेशी मात्र हुकुमास जुमानत नाहीत. त्या खातच राहतात आणि त्या खाण्यानेच मरतात. त्यांस मारणाऱ्या किरणांची धाव जेमतेम एक-दोन मिलिमीटर असते, म्हणून शेजारच्या बारीक ग्रंथी सुरक्षित राहतात. पुढे रोगट पेशींचा जोर ओसरला की निजलेल्या पेशी हळूहळू जाग्या होऊन कामास लागतात. १९९५ साली ५२४ मांजरांचा एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांतील शेकडा नव्वदांहून अधिक मांजरांस ह्या उपचाराने गुण आला होता.

तथापि ह्या औषधाची किंमत केवळ पैशांत मोजून भागत नाही. त्याच आयोडीनमधून दुसऱ्या जातीचेही किरण निघतात आणि ते देहाबाहेर येतात. शिवाय मांजराच्या मलमूत्रातून औषधाचा अंश उतरत असतो. म्हणून इंजेक्शनानंतर मांजरास इस्पितळात वेगळे ठेवतात. कोठे तीन-चार दिवस, कोठे एक-दोन आठवडे, जसा तेथील कायदा असेल तसे. त्या काळात घरच्यांस भेटीची परवानगी नसते. सोबत दिलेली चादर वा खेळणे बहुधा परत मिळत नाही. घरी आल्यावरही सुमारे दोन आठवडे त्यास मांडीवर घेऊन बसावयाचे नाही, अंथरुणात घ्यावयाचे नाही. त्याची घाण हातमोजे घालून काढावयाची, आणि मुलांनी व गरोदर स्त्रियांनी त्यापासून दूर राहावयाचे. आठ दिवसांनी द्रव्य निम्मे, सोळा दिवसांनी पाव, चोवीस दिवसांनी दोन आणे. ऐंशी दिवसांत हजारावा हिस्साही जेमतेम उरतो. तोवर धीर धरावा लागतो. ज्या जिवास कुरवाळून धीर द्यावासा वाटतो, त्याच्यापासून त्याच्याच भल्यासाठी दूर राहणे, ही ह्या उपचारातील कठीण गोष्ट आहे.

आणखी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. रस अतोनात असता मूत्रपिंडांतून रक्त वेगाने वाहते, त्यामुळे मूत्रपिंडे बिघडली असली तरी ते झाकले जाते. ग्रंथी शांत झाली म्हणजे तो बिघाड उघड होतो. म्हणून सुज्ञ पशुवैद्य आधी रक्त व लघवी तपासतात आणि पुष्कळदा काही दिवस गोळ्या देऊन अंदाज घेतात. काही मांजरांत ग्रंथी पुढे फारच मंद होते, मग त्यांस रसाची गोळी द्यावी लागते.

कोणी म्हणेल, ‘एका मांजरासाठी एवढा खटाटोप?’ प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत ह्या उपचारास हजार डॉलरांहून अधिक खर्च येतो, आणि तेथीलही अनेक कुटुंबे गोळ्यांवरच भागवितात. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. रोज नेमाने दिलेली गोळी हीसुद्धा सेवाच आहे. प्रत्येकाने आपली ऐपत, मांजराचे वय व त्याची इतर दुखणी पाहून निर्णय करावा. मात्र दहा-बारा वर्षे ज्याने आपल्या कणग्या उंदरांपासून राखल्या, ते डोळ्यांदेखत झिजत असता ‘खाते आहे ना, मग झाले!’ म्हणून मोकळे होणे, हे काही बरे नव्हे.

आणि वाचकहो, हे केवळ मांजरापुरते नाही. हाच विकार माणसांसही होतो. घरात कोणी नीट जेवूनही वाळत चालले असेल, हात थरथरत असतील, छाती धडधडत असेल, उकाडा सोसवत नसेल, तर ‘वयाचे आहे’ किंवा ‘काळजीने झाले’ असे म्हणून थांबू नका. डॉक्टरांकडे जाऊन थायरॉइडसाठी रक्त तपासून घ्या. ताटात किती वाढले आणि किती संपले हे आपण रोज पाहतो. जेवलेले अंगी लागते की नाही, तेही पाहत जावे.