प्रश्नाचें योग्य स्थान

आपल्या शास्त्रग्रंथांच्या आरंभीं अनुबंधचतुष्टय सांगण्याची रीत आहे: अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन. ग्रंथ कोणासाठीं व कशाविषयीं आहे हें आधींच कळलें म्हणजे पुढें वाचकाचा हिरमोड होत नाहीं. संगणकाच्या जगांतही अशीच चौकट घालावी लागली, ती हकीकत बोधप्रद आहे.

संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांनीं एकमेकांच्या अडचणी सोडवाव्या, म्हणून जोएल स्पॉल्स्की व जेफ ॲटवुड या अमेरिकन गृहस्थांनीं २००८ सालीं आंतरजालावर ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ हें प्रश्नोत्तरांचें स्थान काढलें. आज्ञावली कोठें चुकते, हा तेथला खरा प्रश्न. पण घरच्या प्रिंटरमध्यें कागद कां अडकतो, हें कोठें विचारावें? म्हणून २००९ सालीं कार्यालयांतील यंत्रणा सांभाळणाऱ्यांसाठीं ‘सर्व्हर फॉल्ट’ व संगणकाच्या हौशी व जाणत्या वापरणाऱ्यांसाठीं ‘सुपर युजर’ अशीं दोन निराळीं दालनें निघालीं. एका दारीं परका ठरलेला प्रश्न दुसऱ्या दारीं पाहुणा झाला.

तेव्हां निवड करतांना पाहावयाचें तें इतकेंच कीं, उत्तर जाणणारा येथें आहे काय, आणि उत्तराचा खरेखोटेपणा पारखतां येईल काय. ‘उत्तम पुस्तक कोणतें?’ हा प्रश्न वाईट नव्हे. परंतु व्यक्ति तितक्या प्रकृति, म्हणून तो स्टॅक ओव्हरफ्लोवर दीर्घकाळ अप्रस्तुत मानला गेला. आपल्या नैयायिकांनींही प्रस्तुत सोडून भलतेंच बोलण्यास ‘अर्थांतर’ नांवाचें निग्रहस्थान म्हटलें आहे.

असा प्रश्न बंद करण्यास प्रथम पांच अनुभवी सभासदांचीं मतें लागत. २०१९ सालीं तीन पुरेशीं ठरलीं. गर्दी आवरण्यास हें सोयीचें खरें, पण निवाडा करणारा घाईंत असतो आणि नवखा विचारणारा आधींच बिचकलेला असतो. नवख्यांस येथें पुरेसें आपलेपण वाटत नाहीं, ही कबुली त्या संस्थेनें २०१८ सालीं स्वतःच जाहीरपणें दिली. कुंपण हवेंच, मात्र परतविलेल्या प्रश्नाबरोबर माणूस दुखावला गेला, तर तो पुढें योग्य प्रश्नही विचारणार नाहीं.

आपल्या भरल्या घरांतही हा विवेक उपयोगी पडेल. सणाच्या स्वयंपाकाच्या धांदलींत मुलानें ग्रहण कां लागतें असें विचारलें, तर ‘आतां नको’ म्हणण्यांत गैर कांहीं नाहीं. त्यापुढें ‘रात्रीं आजोबांना विचार’ एवढे तीन शब्द जोडावे, आणि रात्रीं आजोबांनींही वर्तमानपत्र बाजूस ठेवावें.