सावली हवी तेव्हा पाने असतात का?

पिंपरी-चिंचवडचे घड्याळ तीन पाळ्यांवर चालते. कासारवाडीत रेल्वेमार्ग आणि जुन्या मुंबई-पुणे महामार्गाच्या आसपासच्या बैठ्या घरांत, तिसरी पाळी करून आलेला कामगार भर दुपारी झोपायचा प्रयत्न करतो. वर पत्रा, बाजूला तापलेली भिंत. ती झोप मोडली, की पुढच्या पाळीत यंत्रासमोर उभे राहणे धोक्याचे होते. अशा घरापुढचे झाड निवडताना आधी आरोग्याचा विचार हवा, शोभेचा नंतर.

आपण मात्र फुले पाहून रोप आणतो. गुलमोहर आणि बहावा एप्रिल-मेमध्ये डोळे निववतात, पण नेमकी तेव्हाच त्यांची पाने विरळ असतात. शिवाय गुलमोहराचे लाकूड ठिसूळ. वळवाच्या वाऱ्यात फांदी पत्र्यावर येते. वड, पिंपळ, उंबर यांना मोकळे मैदान हवे. लहान अंगणात त्यांची मुळे भिंतीत आणि गटारात शिरतात. कडुनिंब आणि करंज उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने गाळतात, पण एप्रिलपर्यंत पुन्हा हिरवेगार होतात. जागा बेताची असेल तर बकुळ लावावी. वाढ सावकाश, पण पाने बारमाही.

दिशाही तितकीच महत्त्वाची. पुणे परिसरात मेच्या मध्यात माध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. त्यामुळे त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला ऊन फारसे लागत नाही. दुपारनंतरचा मारा होतो तो पश्चिमेकडून. म्हणून झाड पश्चिमेला हवे. विजेच्या तारांखाली नको आणि भिंतीला खेटूनही नको.

सावलीखेरीज झाड आणखी एक काम करते. मुळांनी ओढलेले पाणी पानांतून वाफ होऊन जाते आणि त्यात भोवतालची उष्णता खर्च होते. पण त्यासाठी पाणी मुळांपर्यंत पोचले पाहिजे. अंगण स्वच्छ दिसावे म्हणून बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवणारे घरमालक झाड ठेवतात आणि त्याचा श्वास कोंडतात. बुंध्याभोवती निदान मीटरभर माती उघडी ठेवावी.

पानगळीचा त्रास असतोच. पन्हळी तुंबतात, रोज झाडावे लागते. पण पाचोळा पेटवू नये. त्याचा धूर दमेकऱ्याला आणि लहान मुलांना बाधतो. तोच पाचोळा बुंध्याशी पसरला तर ओल टिकते. शेंडा छाटून झाड बुटके करण्याचा मोहही टाळावा, कारण छाटल्या जागी येणाऱ्या फांद्या कमकुवत असतात. स्वतःच्या अंगणातले झाड तोडायलाही १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, हेही लक्षात असू द्यावे.

पावसाळ्याआधी रोपे वाटली जातात, तेव्हा किती वाटली याचा आकडा सांगितला जातो. कोणाच्या भिंतीवर सावली पडणार, हे कोणी विचारत नाही. रोप घेण्याआधी एकदा दुपारी तीन वाजता अंगणात उभे राहून ऊन कुठून येते ते पाहा. खड्डा त्या बाजूला घ्या.